माणिकनानांचा तिसरा रकाना

माणिकनानांची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांना मारलं तेव्हा. म्हणजे त्यांच्या पोटरीवर बसलेला डास मारला. पण चापट बसली ती त्यांना, आणि चांगली सणसणीत बसली.

त्या वर्षी भुकूमच्या आमच्या सोसायटीत तीन घरांत डेंगी निघाला. सर्वसाधारण सभेत कुणीतरी म्हणालं, आरोग्य समिती नेमा. मी नेमका त्याच क्षणी पंख्याखालची रिकामी खुर्ची गाठायला उठलो होतो. मी उठलेला पाहून टाळ्या पडल्या आणि मी आरोग्य समिती झालो. समितीत दुसरं कुणी नव्हतं. वॉचमन म्हणाला, मागच्या आळीत ढमाले म्हणून आहेत, सरकारी डासवाले होते, त्यांना विचारा. तर मी संध्याकाळी सहाच्या सुमाराला त्यांच्याकडे गेलो.

ओट्यावर एक सत्तरीचे गृहस्थ बसलेले. पांढरा सदरा, इस्त्रीची पँट, आणि पँटचा डावा पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेला. हात मांडीवर. हालचाल शून्य. मी नमस्कार म्हणेपर्यंत माझं लक्ष त्यांच्या पोटरीकडे गेलं, तिथे डास बसलेला दिसला, आणि समितीचा पहिला निर्णय मी तिथल्या तिथे अमलात आणला.

त्यांनी आधी पोटरीकडे पाहिलं, मग माझ्या तळव्याकडे.

"मारलासा?"

"हो," मी म्हणालो. मला वाटलं, आभार मानताहेत.

"कुटला व्हता?"

"डास होता."

"त्ये मला बी दिसलं. पायावर पट्टं व्हतं का न्हाई?"

त्यांनी माझा हात ओढला, हात बघणारे ज्योतिषी धरतात तसा उजेडाकडे धरला आणि बराच वेळ निरखला. "पट्टेवाला," ते म्हणाले. "तुमच्या सोसायटीतलाच हाय. बसा."

माणिकराव ढमाले एका सरकारी प्रयोगशाळेत कीटक गोळा करण्याच्या कामावर होते. तीस-बत्तीस वर्षं. काम सांगायला सोपं होतं. ज्या गावात तापाची साथ येईल त्या गावात जायचं, दिवस मावळायच्या बेताला गोठ्यापाशी किंवा झाडाखाली बसायचं, एक पाय उघडा टाकायचा आणि वाट बघायची. पायावर डास उतरला की तो सोंड टोचायच्या आत काचेच्या नळीत ओढून घ्यायचा. नळीला रबरी पाइप, पाइपचं दुसरं टोक आपल्या तोंडात, मधे मलमलीचा तुकडा, म्हणजे डास पोटात जात नाही. पाय नेहमी डावा, कारण नळी उजव्या हातात. कोणत्या गावात कोणत्या जातीचा डास किती वाजता माणसाला चावायला येतो, हे विज्ञानाला कळतं ते असं. कुणीतरी पाय द्यावा लागतो. नानांनी दिला होता. निवृत्तीनंतर नळी ऑफिसात जमा झाली, पाय मात्र रोज संध्याकाळी आपोआप उघडा पडायचा.

"डासाला तुमचा पाय नगं आसतो," ते म्हणायचे. "त्यो तुमच्या श्वासामागनं येतो. श्वास तर काय बंद करता येत न्हाई." आणि दुसरं एक वाक्य, जे मी नुसतं ऐकून सोडून द्यायचो: "भ्यालेला मानूस पाय हलवतो. मी कवाच हलवला न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते सोसायटीत आले. लिफ्टचा खड्डा, कुंड्यांखालच्या ताटल्या, टेरेसवरचे टायर, सगळीकडे हात मागे बांधून फिरले आणि शेवटी आमच्याच घराच्या गॅलरीत थांबले. तिथे मी बाटलीत हौसेने मनीप्लँट लावला होता. त्यांनी बाटली उजेडात धरली. आत अळ्या अशा नाचत होत्या की पाहत राहावं. "समितीच्या घरातच कारखाना हाय की," ते माझ्या बायकोला म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'कमिटी' झालो. नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

नीला, म्हणजे माझी बायको, पिरंगुटच्या शाळेत गणित शिकवते. मी घरी बसून भाषांतरं करतो. वॉशिंग मशिनबरोबर जी माहितीपुस्तिका येते, तिचा मराठी भाग माझा असतो. तो कुणी वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. मीही आमच्या मशिनचा वाचलेला नाही. पण इंग्रजी वाचता येतं एवढी माझी ख्याती आळीत झाली आणि एका रविवारी सकाळी नाना एक जाडजूड फाईल काखेत घेऊन आले.

फाईलमध्ये पत्रांच्या झेरॉक्स होत्या. त्यांच्या ऑफिसातल्या एका मोठ्या साहेबांनी निवृत्त होताना खोली साफ केली, तेव्हा रद्दीत टाकलेली ती फाईल नानांनी उचलून आणली होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी क्युबा नावाच्या बेटावर पिवळ्या तापाचे प्रयोग झाले, त्या प्रयोगांतल्या डॉक्टरांची, सैनिकांची आणि त्यांच्या घरच्यांची ती पत्रं. सगळी हाताने लिहिलेली, तिरपी, शाई पसरलेली. नाना टाइप केलेलं इंग्रजी अक्षर लावून लावून वाचत. हे त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. खरं सांगायचं तर माझ्याही. पण नाही म्हणायला मला तेव्हा सुचलं नाही.

प्रयोगांची गोष्ट त्यांना तोंडपाठ होती. नोकरीला लागल्यावर प्रशिक्षणात ती सांगत असत. दोन खोपटी बांधली. एकात तापाने मेलेल्यांची घाणेरडी अंथरुणं टाकली आणि त्यावर धडधाकट माणसं रोज झोपवली. त्यांना काही झालं नाही. दुसरं खोपटं स्वच्छ, हवेशीर. त्यात फक्त डास सोडले. तिथली माणसं तापाने फणफणली. त्यावरून कळलं की ताप घाणीतून येत नाही, डास आणतो. "आन त्यो डास म्हंजे ह्योच," नाना बाहेर बोट करत. "तुमच्या बाटलीतला. आपल्याकडं त्यो ताप आला न्हाई, डास मातूर हाय."

मग आमचे रविवार लागले. मी भिंग घेऊन एकेक ओळ लावायची, मराठीत सांगायची, आणि नानांनी दोनशे पानी वहीत टिपायचं. वहीत त्यांनी पट्टीने रकाने आखले होते. पहिला: कोणी लिहिलं. दुसरा: कोणाला. तिसरा: काय लिहिलं नाही. मी पहिल्यांदा हसलो. म्हटलं, नाना, जे लिहिलेलं नाही ते कसं टिपणार? ते म्हणाले, आधी समदं वाचा तरी.

आणि खरोखरच तो तिसरा रकाना भरू लागला. एक सैनिक आईला लिहितो: जेवण बरं आहे, पाऊस फार, घोडा आजारी. तारखा जुळवल्या तर त्या वेळी तो डासांच्या खोपट्यात होता. नानांनी तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'खोपटं.' एक डॉक्टर बायकोला तऱ्हेतऱ्हेच्या फळांबद्दल लिहितो, आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरला नाडी, ताप, कोणता डास कोणाला चावला, सगळं तपशिलाने कळवतो. तिसरा रकाना: 'डास.' जे संमतिपत्रावर रीतसर सही करून प्रयोगाला तयार झाले होते, त्यांचंही तसंच. सही होती, पण घरी कळवलेलं नव्हतं.

"हुशार मानसं एकमेकास्नी खरं लिवत्यात," नाना म्हणाले. "घरी न्हाई."

फाईलमधली पानं गहाळ होती. तिकडच्या एका ग्रंथालयाने हीच पत्रं इंटरनेटवर ठेवली आहेत असा मला शोध लागला, आणि मग माझ्यात अंमळ संशोधक संचारला. जेवताना मी नीलाला त्या लोकांच्या हस्ताक्षरांबद्दल सांगू लागलो. कोण 'टी' कसा काढतो, कोणाचा 'एस' गळपटलेला. तिने महिनोन्‌महिने ऐकून घेतलं आणि एकदा पोळी वाढता वाढता विचारलं, "ते ही पत्रं कशासाठी वाचताहेत, हे विचारलंस का त्यांना?"

विचारलं नव्हतं. सुचलंच नव्हतं.

नानांना एक विशिष्ट पत्र हवं होतं, एवढं मला माहीत होतं. त्या डॉक्टरांपैकी एक जण डास चावून तापला आणि काही दिवसांतच गेला. बायको दूर मायदेशी, नुकतीच बाळंत झालेली. तिला तार गेली. पण तारेनंतर त्याच्या सोबत्यांपैकी कुणी तिला सविस्तर लिहिलं असेलच ना, हे नक्की कसं झालं म्हणून. ते पत्र नानांना पाहिजे होतं. दर रविवारी विचारायचे. आमच्या हाताला ते लागलं नाही. ते नव्हतंच असं मी म्हणत नाही. माझी शोधायची पद्धत तुम्ही मनीप्लँटवरून ओळखली असेल. पण पुढच्या रविवारी मी सांगितलं की नाना, सगळं पाहून झालं, नाही मिळत. आणि नीलाचा प्रश्न त्यांना विचारला.

त्यांनी वही मिटली. टोपण पेनला लावलं.

"मला बगायचं व्हतं त्यांनी कसं सांगितलं," ते म्हणाले. "म्हंजी मला बी तसं सांगता आलं आसतं."

मग सांगितलं. आवाज साधा, साहेबाला अहवाल द्यावा तसा. मुळशी धरणाच्या पाण्यापलीकडे, डोंगराच्या अंगाला कातकऱ्यांची एक वाडी आहे. तिथे एका वर्षी कसला तरी ताप आला होता. नानांची टीम तिथे गेली. पाय उघडा टाकून बसायचं काम नेमलेल्या माणसानेच करायचं, बाहेरच्याला बसवायचं नाही, असा नियम. पण नानांच्या बहिणीचा साखरपुडा निघाला, चार दिवस घरी जाणं भाग होतं. वाडीतला कोंडू नावाचा माणूस टीमचं सामान वाहायचा. नानांनी त्याला आपल्या जागी बसवलं. नळी कशी ओढायची ते शिकवलं. पाय हलवू नको म्हणाले. या डासांत ताप असू शकेल, हे काही म्हणाले नाहीत. कोंडू चार संध्याकाळी बसला. रजिस्टरात त्या चारही संध्याकाळी नानांचंच नाव लागलं. पंधरवड्याच्या आत कोंडू तापला आणि आठ दिवसांत गेला.

"त्या डासानंच झालं का, त्ये काय कुनी सांगू शकनार न्हाई," नाना म्हणाले. "वाडीत ताप व्हताच. मी सरणाची लाकडं वाहिली. त्याच्या बायकोला, ठकूबाईला सांगितलं, ताप व्हता. झालं. कागदावर त्यो बसलाच न्हाई. बसलो त्यो मी."

ऐकताना तुला काय वाटलं, असं नीलाने मला नंतर विचारलं. काही वाटलं नव्हतं. माझ्या चहावर साय धरली होती, ती मी बोटाने बाजूला करत होतो. नानाही तिकडेच बघत होते.

ठकूबाई हयात होती. नानांना तिला हे सगळं सांगायचं होतं, आणि दोघांचंही वय झालं होतं. त्यांना शब्द हवे होते. आणि शब्द हा तर माझा धंदा. पत्र मी लिहून देतो म्हणालो. दोन दिवस खपून दोन पानी पत्र तयार केलं. 'आपणांस कळविताना अंतःकरण जड होते' अशी सुरुवात होती. मधे 'दुर्दैवी योगायोग' होता, 'अनवधान' होतं, 'त्या काळची परिस्थिती' होती. मला ते फार साधलं आहे असं वाटत होतं. नानांना वाचून दाखवलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग वही उघडली, पेनचं टोपण काढलं आणि नेहमीप्रमाणे नोंद केली. कोणी लिहिलं: मी. कोणाला: ठकूबाई. काय लिहिलं नाही: इथे ते क्षणभर थांबले आणि लिहिलं, 'पाय. नाव.'

वही माझ्याकडे फिरवली. "तुमी बी त्या डाक्टरांतलंच की कमिटी," ते म्हणाले. रागावले नव्हते. "आन तिला वाचाया येत न्हाई. गाडी काडा."

आम्ही गेलो. पौड मागे टाकून, धरणाच्या कडेकडेने, शेवटचा अर्धा तास चढ चालत. नाना वाटेत तीनदा बसले. ठकूबाई झोपडीपुढच्या अंगणात शिकेकाई निवडत होती. नानांपेक्षा थोरली असावी. ओळख पटायला वेळ लागला नाही. "डासवाला ना तू," ती म्हणाली आणि शेंगा निवडत राहिली.

नाना तिच्यासमोर जमिनीवर बसले. आणि बसल्या बसल्या, इतक्या वर्षांच्या सवयीने, त्यांचा हात गेला आणि पँटचा डावा पाय गुडघ्यापर्यंत दुमडला गेला. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. त्यांना सांगावं की नाही, ते ठरेना. मी निर्णय घेण्याच्या बाबतीत त्या पहिल्या चापटीनंतर फारसा पुढे गेलेलो नाही.

त्यांनी सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं त्याच क्रमाने. कोंडूला माझ्या जागी बसवलं. साखरपुडा होता. त्याला ताप येईल हे सांगितलं नाही. कागदावर माझं नाव आहे. तुला तेव्हा सांगितलं नाही. तिचे हात चालू होते. चांगली शेंग सुपात, किडकी बाजूला. सांगून झाल्यावर नाना थांबले. तिने आणखी काही शेंगा निवडल्या. मग तिने मान वर केली, ती त्यांच्या पायाकडे पाहण्यासाठी.

"ह्योच पाय?"

"ह्योच. डावा."

"त्यो बी डावाच खाजवत व्हता," ती म्हणाली. "मी निरगुडीचा पाला चोळला त्याला. मला वाटलं, रानात काय तरी लागलं आसंल."

तिने सूप बाजूला सरकवलं.

"झाक त्यो," ती म्हणाली.

त्यांनी पँट खाली सोडली. हाताने सुरकुत्या सारख्या केल्या. तिने आम्हाला पाणी दिलं, आम्ही ते प्यालो आणि उतरलो. गाडीत त्यांनी एकदा विचारलं, पेट्रोल पुरेल ना. मी म्हणालो, पुरेल.

त्यानंतर संध्याकाळी मी त्यांना ओट्यावर बसलेलं पाहायचो, पण दोन्ही पाय झाकलेले. रविवारी फाईल घेऊन ते आले नाहीत. मीही बोलावलं नाही. पुस्तिकांची कामं साठली होती. गणपतीच्या आधी एका दुपारी ते जेवून आडवे झाले आणि चार वाजता चहाला उठले नाहीत. अंत्यदर्शनाला मी गेलो. गळ्यापासून खाली पांढरं कापड. मी पायांच्या बाजूला उभा होतो. एक डास घोंघावत होता, तो कुठे उतरतो ते मी पाहत राहिलो. मारला नाही.

तेराव्यानंतर त्यांच्या मुलाने फाईल आणि वही मला आणून दिली. म्हणाला, कमिटीला द्यायची असं सांगून ठेवलं होतं, कमिटी म्हणजे तुम्हीच ना? मी वही उघडली. शेवटच्या पानावर वाडीवरच्या आमच्या फेरीची तारीख होती. 'कोणी लिहिलं' खोडून वर 'सांगितलं' केलं होतं. कोणी सांगितलं: मी. कोणाला: ठकूबाई. तिसरा रकाना, काय सांगितलं नाही, मला वाटलं रिकामा असेल. तिथे त्यांच्या शाळकरी, गोल अक्षरात दोन ओळी होत्या.

'बहिणीचा साखरपुडा नव्हता. मी भ्यालो होतो.'

वही मी कपाटात ठेवली. पुढे काय करायचं ते काही सुचलं नाही. आणि सुचत नाही तेव्हा मी लिहितो, तसं हे लिहिलं. वाचणाऱ्यांपैकी कुणी नानांना पाहिलेलं नाही, तेव्हा जमेल तसं सगळं सांगितलं. लिहून झाल्यावर नेहमीप्रमाणे नीलाला दिलं. शाळेच्या वह्या तपासून झाल्यावर तिने ते जेवणाच्या टेबलापाशी बसून वाचलं, लाल पेनाने दोन वेलांट्या दुरुस्त केल्या, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "ज्यांनी त्यांना कधी बघितलंही नाही, त्यांना सांगून झालं. आता ठकूबाईला कधी सांगतोस?"